धुलाईघराचा तबेला

कलावंतांच्या वसाहतीच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला एक लांबट, ठेंगणी दगडी इमारत लागते. तिला सगळे तबेला म्हणत. नकाशावर तसं छापलेलं होतं, दिशा दाखवणाऱ्या पाट्यांवर तसं रंगवलेलं होतं. दुपारची घंटा झाली की चित्रकार, शिल्पकार, लेखक हातातलं काम टाकून "चला तबेल्यात" म्हणत जेवायला उठत. त्या इमारतीत कधी एकही घोडा बांधलेला नव्हता, ही गोष्ट गावात दोन-चार माणसांनाच माहीत होती. त्यातले एक किल्लीमामा. आणि तबेला उभा केला होता तोही त्यांनीच, नुसत्या तोंडाने.

किल्लीमामा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वसाहतीत ते चोविसाव्या वर्षी पहारेकरी म्हणून लागले आणि पुढे सगळ्या इमारतींची देखभाल त्यांच्याकडे आली. कमरेला तेहेतीस किल्ल्यांचा जुडगा असे. कुठली किल्ली कुठल्या कुलपाची हे ते न बघता, नुसत्या बोटांनी ओळखत. कोणाचा नळ गळाला, कोणाच्या खोलीत उजेड कमी पडला, कोणाचा संगमरवर हलवायला चार माणसं हवी झाली, की "मामा" अशी हाक यायची आणि मामा हजर. स्वभावाने मवाळ, बोलण्यात गोड. पाहुण्यांना वसाहत दाखवण्याचं कामही हळूहळू त्यांच्याच गळ्यात पडलं. संचालक बदलत, कलावंत तर दर तीन महिन्यांनी बदलत. जुनं सांगणारा माणूस एकच उरला होता, त्यामुळे मामा सांगतील तो इतिहास.

आता खरी हकीकत अशी. वसाहतीची ही सगळी जागा मुळात क्षयरोग्यांच्या दवाखान्याची. टेकडीवरची हवा चांगली म्हणून तो तिथे बांधला होता. रोग्यांच्या खोल्यांत आता चित्रकार राहतात आणि डॉक्टरांच्या बंगल्यात कचेरी आहे. फाटकाजवळची दगडी इमारत होती दवाखान्याचं धुलाईघर. रोग्यांच्या चादरी, अभ्रे, सदरे, थुंकीची फडकी रोज तिथे येत. तांब्याच्या मोठ्या हंड्यांत ती उकळायची, सोड्याच्या पाण्यात घोळायची, दोन रुळांच्या यंत्रातून पिळायची. हे काम बायका करत. त्यातली एक मामांची आई.

आईच्या हातांची कातडी सोड्याने चिरलेली असायची. उजव्या मनगटावर हंड्याच्या काठाने भाजल्याचा लांबट डाग होता. ओल्या चादरींच्या बादल्या वाहून डावा खांदा उतरला होता, त्यामुळे ती चालायची तेव्हा कोणाला तरी वाट देतेय असं वाटे. चादरी मोजताना ती गुणगुणायची, कारण गाण्याच्या ओळींवर आकडा लक्षात राहतो असं तिचं म्हणणं होतं. आणि तिला वास यायचा. जंतुनाशकाचा, उकळलेल्या कापडाचा. तो वास तिच्या पदरातून घरात, अंथरुणात आणि मुलांच्या कपड्यांत उतरायचा. शाळेत मामांना पोरं "फिनेल" म्हणत. त्यांच्या शेजारी बसायला कोणी राजी नसे. गुरुजींनी त्यांना खिडकीजवळच्या बाकावर एकट्याला बसवलं आणि वर म्हणाले, "तुला हवा चांगली लागेल."

पुढे औषधं निघाली, दवाखाना बंद पडला. धुलाईघर दहा-बारा वर्षं लोखंडी खाटांचं गोदाम होतं. मग वसाहत आली आणि तिथे शिल्पकारांचं दगड फोडणं सुरू झालं. त्यानंतर एक दिवस जेवणघर तिथे हलवायचं ठरलं, आणि खोटं जन्माला आलं ते त्याच दिवशी.

तेव्हाचे संचालक एका नामांकित चित्रकाराला आणि त्याच्या बायकोला जागा दाखवत होते. मामा किल्ली घेऊन दाराशी उभे. चित्रकाराच्या बायकोने चहूकडे बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "इथे आधी काय होतं हो? रोग्यांचं काही नव्हतं ना? तसलं काही असेल तर मी नाही बाई इथे घास उचलणार."

संचालकांना काही माहीत नव्हतं. त्यांनी मामांकडे बघितलं. चित्रकार भिंतीतल्या लोखंडी कड्याशी चाळा करत होता. पाऊस-थंडीत चादरी आत वाळवायच्या तेव्हा दोऱ्या बांधायला तशी कडी दोन्ही भिंतींत ओळीने बसवलेली होती. मामांची नजर त्या कड्यावर पडली.

"तबेला होता," मामा म्हणाले. "डॉक्टरांचे घोडे असत."

मामा तेव्हा तेहेतीस वर्षांचे होते. आई जिवंत होती. त्या दाराशी उभं राहून हाक मारली असती तर वाऱ्याच्या दिशेने तिला ऐकू गेली असती, इतक्या अंतरावर ती घरी भाजी निवडत बसली असेल.

बाईने रुमाल खाली घेतला. "घोडे होय? छानच की."

खोटं बोलणाऱ्याची स्मरणशक्ती चांगली लागते म्हणतात. मामांची होतीच. पण नुसत्या स्मरणशक्तीवर भागत नाही, लोक प्रश्न विचारतात. जमीन मधल्या नाल्याकडे उतरती का? घोड्यांचं मूत वाहून जायला. खिडक्या इतक्या उंच का? घोडे बाहेरच्या हालचालीने बुजू नयेत म्हणून. आणि तबेल्याला एवढं धुराडं कशाला? हा प्रश्न एका कवीने विचारला तेव्हा मामा क्षणभर अडकले. मग म्हणाले, "मोठे डॉक्टर फार शिस्तीचे. घोड्यांनासुद्धा कच्चं खाऊ द्यायचे नाहीत, शिजवून घालायचे." कवीने ते वहीत लिहून घेतलं.

वर्षाला एक-दोन तपशील वाढत गेले. एक पांढरा घोडा आला, तो शीळ घातल्याशिवाय पाण्याला तोंड लावत नसे. नामांकित चित्रकाराने त्या घोड्याची सात चित्रं केली आणि त्यातलं एक वसाहतीला भेट दिलं. ते जेवणघरात लागलं. घोडे आले तसा त्यांचं सगळं करणारा मोतद्दारही आला. आणि इथे मामांच्या हातून एक गोष्ट झाली, ती त्यांच्या स्वतःच्याही लवकर लक्षात आली नाही. मोतद्दार त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. त्याला कुठून आणायचा? मग त्याचे हात चिरलेले झाले. मनगटावर भाजल्याचा डाग आला, घोड्यांचं खाणं शिजवताना झालेला. डावा खांदा उतरला, बादल्या वाहून. तो मोजताना गुणगुणायला लागला. पाहुण्यांना घोड्यापेक्षा हा मोतद्दारच आवडे. एका बाईंचे डोळे भरून आले होते.

आई गेली तेव्हा या गोष्टीला सहा वर्षं झाली होती.

मामांच्या निवृत्तीच्या वर्षी वसाहतीने जुन्या इमारतीचा जीर्णोद्धार काढला. जेवणघर नव्या इमारतीत गेलं, आणि तबेल्यात त्याच्याच इतिहासाचं कायमचं प्रदर्शन मांडायचं ठरलं. आताच्या संचालक एक चटपटीत, कामाला वाघ असलेल्या बाई होत्या. त्यांनी एक तरुण आर्किटेक्ट नेमला. मोठा अभ्यासू मुलगा, गुडघ्यावर बसून फरशीचे सांधे तपासणारा. त्याने भिंतीतल्या कड्यांची अंतरं मोजली आणि त्या हिशेबाने घोडे बांधायची लाकडाची आठ ठाणं बांधवली, पुढ्यात गव्हाणी. सुताराचं काम इतकं सुबक की एखादा घोडा आणून बांधायचाच बाकी होता.

मग नाला उघडला. वीतभर गाळाखाली बटणं निघाली. शिंपल्याची, हाडाची, दोन भोकांची, चार भोकांची. धुऊन बरणीत भरली तर बरणी काठोकाठ भरली.

मामा तिथेच उभे होते. कुठल्या सदऱ्यांची बटणं, कुठल्या रुळांत सापडून तुटलेली, हे त्यांना बघताक्षणी कळलं. आता उघडं पडणार असं वाटलं, आणि ते आता पडूनच जावं असंही वाटलं.

आर्किटेक्टने एक बटण उजेडात धरलं. विचार केला. "मोतद्दारांच्या सदऱ्यांची," तो म्हणाला. "म्हणजे मोतद्दार बरेच असले पाहिजेत. आणि मामा, घोडे फार मस्तीखोर असणार. इतकी बटणं तुटायची म्हणजे."

"असतील," मामा म्हणाले.

शिकल्यासवरल्या माणसाला एकदा एखादी गोष्ट पटली की पुरावाही तिच्याच बाजूने साक्ष देतो. त्या पोराचा काय दोष? मामा बरणीचं झाकण लावून कपाटात ठेवून आले.

निवृत्तीचा महिना संपायला आठ दिवस राहिले असताना संचालकबाईंनी मामांना एक कागद दिला. दाराशी बसवायच्या दगडी पाटीवरचा मजकूर. "शुक्रवारी कोरायला जाणार. तुम्ही एकदा वाचा, काही चुकलं असेल तर सांगा. उद्घाटनाला बोलायचंही तुम्हीच. मोतद्दाराचं सांगा, तो माणूस मला अगदी डोळ्यांसमोर दिसतो."

मामांनी कागद घरी नेला नाही. तबेल्याच्या पायरीवर बसून वाचला. चार ओळी डॉक्टरांच्या घोड्यांबद्दल होत्या. पुढे होतं: 'येथील मोतद्दाराने आयुष्यभर चिरलेल्या हातांनी, उतरलेल्या खांद्याने मुक्या जनावरांची सेवा केली. कामात तो गुणगुणत असे, अशी आठवण सांगितली जाते.'

मामांनी ते दोनदा वाचलं. सत्तावीस वर्षं ते हे तोंडाने सांगत आले होते. तोंडचं वाऱ्यावर जातं. कागदावर बघितल्यावर त्यांना आपण काय केलं ते दिसलं. आईचे हात, आईचा खांदा, आईचं गुणगुणणं एकेक करून काढून त्यांनी एका नसलेल्या पुरुषाला दिलं होतं. मेलेल्या माणसाच्या अंगावरचे कपडे उतरवावेत तसं. आणि शुक्रवारी ते दगडात जाणार होतं.

पाणी प्यायला म्हणून ते नव्या जेवणघराच्या मुदपाकात गेले. तिथली स्वयंपाकीणबाई वीस वर्षांची जुनी, पन्नाशीची, हाताला आणि जिभेला दोन्हीकडे धार. मामांचा चेहरा बघून तिने पेला पुढे केला.

"काय झालं? घोडा मेला का?"

मामा हसले नाहीत. कागद तिच्यापुढे सरकवला. तिने ओले हात पुसून तो वाचला, ओठ हलवत, शेवटपर्यंत.

"मामा," ती म्हणाली, "माझी आजी होती तिथे. रुळावर. तिची दोन बोटं गेली होती त्यात."

मामांनी पेला खाली ठेवला. "तुला माहीत होतं?"

"न माहीत असायला काय झालं?"

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही घोडे म्हणालात. मला बरं वाटलं." ती भांड्याकडे वळली. "रोग्यांच्या धुण्यावाल्यांची नात जेवण करते म्हटलं असतं तर खाल्लं असतं का यांनी माझ्या हातचं? तुम्ही तुमचं झाकलंत, माझंही झाकलं गेलं. आता तुम्ही जाल निवृत्त होऊन. मी आहे अजून आठ वर्षं. तेव्हा काय करायचं ते विचार करून करा."

आपलं खोटं आपल्यापुरतं आहे असा मामांचा समज होता. त्याच्या सावलीत दुसरंही कोणी बसलंय हे त्यांना त्या दिवशी कळलं.

घरी आक्का होती. मामांहून सात वर्षांनी मोठी. तेराव्या वर्षापासून आईबरोबर धुलाईघरात उभी राहिलेली, तिच्याच जोरावर मामांची शाळा झाली. लग्नानंतर ती दूरच्या गावी गेली होती. नवरा गेल्यावर, गुडघे धरल्यावर, दोन महिन्यांपूर्वी भावाकडे राहायला आली. आल्या दिवसापासून तिचं एकच. "मला आईची जागा बघायची आहे." मामा म्हणत, "काम चालू आहे आक्का, धूळ आहे." मग म्हणत, "पायऱ्या काढल्यात." त्या दिवशी तिने परत विचारलं.

"अजून धूळच का रे? एवढी धूळ तर आम्ही होतो तेव्हाही नव्हती."

मामा ताटावरून उठले. बुधवार होता.

गुरुवारी सकाळी ते कचेरीत गेले आणि उभेच राहिले.

"बसा की मामा. वाचलंत?"

"वाचलं. बाई, तो मजकूर..."

"काही शुद्धलेखन?"

"नाही. मजकूरच."

"कुठला भाग?"

"सगळाच," मामा म्हणाले. "तिथे घोडे नव्हते. धुलाईघर होतं. रोग्यांचं. मी खोटं सांगितलं होतं."

बाई आधी हसल्या. मामा थट्टा करतात हे सगळ्यांना माहीत होतं. मग त्यांनी मामांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

"सत्तावीस वर्षं?"

"हो."

"अहो, मी सरकारला लिहून पाठवलंय. माझ्या सहीने. पुस्तिका छापल्यात. ती ठाणं बांधली, तुम्ही रोज तिथे उभे होता. सुताराला रंधा तुम्ही नेऊन देत होता, मामा."

"हो."

"का पण?"

मामांची बोटं किल्ल्यांवर फिरत राहिली. सगळ्या कुलपांच्या किल्ल्या होत्या. या प्रश्नाचं उत्तर त्यांना देता आलं नाही.

बाई खिडकीकडे वळल्या. रागावलेल्या होत्याच, पण त्याहून जास्त त्या थकल्यासारख्या दिसल्या. शेवटी म्हणाल्या, "आता हे तरी खरं कशावरून?"

मामांना थोबाडीत बसल्यासारखं झालं. पण चूक काय होती त्यात? सत्तावीस वर्षं ज्याच्या शब्दावर इतिहास चालला, त्याच्या शब्दाला आता साक्षीदार लागत होता. आणि साक्षीदार एकच होता.

आक्काला त्यांनी एवढंच सांगितलं, "चल, जागा बघायला बोलावलंय." आपण काय सांगत आलो ते वाटेत सांगायचं ठरवलं होतं. वाट पाच मिनिटांची, आक्काच्या पायाने पंधरा मिनिटांची. फाटक आलं तरी मामांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

संचालकबाई आणि आर्किटेक्ट दाराशी थांबले होते. आक्का काठी टेकत आत गेली आणि उभी राहिली.

"ही खुराडी कसली?"

"घोड्यांची ठाणं," आर्किटेक्ट हळूच म्हणाला.

"घोडे? इथे?"

आक्काने भावाकडे बघितलं. मामा फरशीकडे बघत होते. ती काही मिनिटभर बघत राहिली नसेल, दोन-चार श्वासच. पण मामांना खिडकीजवळचा तो बाक आठवला, तिथेही वेळ असाच जायचा नाही.

आक्काने मान वळवली आणि जणू काही विचारलंच नाही अशा आवाजात सांगायला लागली. "इथे हंडे. तीन. मधला सगळ्यांत मोठा, त्यात थुंकीची फडकी, ती वेगळी उकळायची. या अंगाला रुळ. इथे मी उभी राहायची, खाली फळी घालून, नाहीतर पाय पाण्यात कुजायचे." तिने एका ठाणाची आडवी फळी ओलांडायचा प्रयत्न केला, ते जमेना, तेव्हा काठीने पलीकडची जागा दाखवली. "या कड्यातून दोरी त्या कड्यात. चादरी लावल्या की पलीकडचं माणूस दिसायचं नाही, नुसते पाय. पायांवरून ओळखायचो आम्ही एकमेकींना."

आर्किटेक्टने कपाटातून बरणी आणली.

"सापडली होय?" आक्का म्हणाली. "एकेका बटणासाठी बोलणी खाल्लीत आम्ही. आई ते सदरे घरी आणून टाकायची, नवी बटणं लावायला. याला विचार, हा सुई ओवून द्यायचा."

आता सगळ्यांनी मामांकडे बघितलं. आर्किटेक्ट गव्हाणीच्या काठावर बसला. "नाल्याचा उतार घोड्याच्या पायाला जास्त होतो असं मला वाटलं होतं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "वहीत लिहिलंही होतं. मग खोडलं."

परतताना आक्का भांडेल, निदान दोन शब्द लावेल, असं मामांना वाटलं होतं. तिने लावले असते तर बरं झालं असतं. अर्धी वाट सरल्यावर मामाच म्हणाले, "आक्का, बोल काहीतरी."

"काय बोलू? आईला माहीत होतं."

मामा थांबले.

"बाजारात कोणीतरी तिला म्हणालं, तुझा मुलगा लोकांना तबेला दाखवतो म्हणून. मी तेव्हा माहेरपणाला आले होते. मी तणतणले, वसाहतीत येऊन तुझा कान धरणार होते. तिने धरून ठेवलं मला. म्हणाली, घोडे तर घोडे. घोड्याच्या वासाला लोक नाकं मुरडत नाहीत. त्याचं बरं चाललंय ना, चालू दे. मला वाटलं होतं, आई गेली तेव्हाच तू ते सोडलं असशील."

घरी आल्यावर मामा परसात गेले, नळ सोडला आणि हात धुत उभे राहिले. हात स्वच्छच होते. आईला कळलं नाही, निदान एवढा एक आधार त्यांनी इतकी वर्षं धरून ठेवला होता. तो आता गेला. त्या सहा वर्षांत आई रोज त्यांना विचारायची, "आज कोण पाहुणे आले होते रे?" आणि ते सांगायचे, आणि ती ऐकून घ्यायची.

शुक्रवारी पाटी गेली नाही. बाईंनी ठाणं काढायला लावली. सरकारला दुसरं पत्र लिहिलं. त्यात त्यांना खाली मान घालावी लागली असणार, पण मामांना त्या त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त पूर्वी त्या "मामा, या, चहा घ्या" म्हणत, ते बंद झालं. नवा मजकूर तुम्हीच लिहा, असं मात्र त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं तोंडाला खळ नसलेला माणूस कोरा कागद घेऊन दोन दिवस बसला आणि एका ओळीच्या पुढे गेला नाही. 'ही इमारत दवाखान्याचं धुलाईघर होती. येथे बायका काम करत.'

"किती बायका?" आक्काने विचारलं.

मामांना माहीत नव्हतं. त्यांना आई माहीत होती आणि आक्का.

"अकरा," आक्का म्हणाली आणि बोटांवर मोजत सांगायला लागली. मामा लिहीत गेले. दहाव्या नावापाशी आक्का अडली. ती रुळावरची, दोन बोटं गेलेली, तिला सगळ्या ठेंगू म्हणायच्या, खरं नाव काय ते आठवेना. मामा कागद घेऊन मुदपाकात गेले. स्वयंपाकीणबाई कणीक मळत होती. त्यांनी कागद तिच्यापुढे धरला आणि काहीच विचारलं नाही. ती पुष्कळ वेळ मळत राहिली. मग मान वर न करता तिने आजीचं नाव सांगितलं. पूर्ण, माहेरच्या आडनावासकट.

उद्घाटन झालं ते साधंच. भाषण मामांनी केलं नाही, तशी कोणी विनंतीही केली नाही. निवृत्तीचा दिवस येऊन गेला. पण पाहुण्यांना इमारत दाखवायला माणूस हवा होता, आणि बाईंनी निरोप धाडला की आठवड्यातून दोन दिवस यावं. मामांना तो निरोप मान वाटला नाही. जायला हवं एवढं वाटलं. आक्का बरोबर यायची, तिच्यासाठी दाराशी एक स्टूल ठेवलं होतं.

पहिल्याच दिवशी दहा-बारा जण आले. मामांनी हंड्यांच्या जागा दाखवल्या, रुळांची जागा दाखवली, कडी दाखवली. उतरत्या जमिनीपाशी आल्यावर एका बाईने भुवया वर केल्या. चांगली हौशी बाई होती, हातात जुनी पुस्तिका होती.

"पण आम्ही पाच वर्षांपूर्वी आलो होतो तेव्हा इथे तबेला होता म्हणून सांगितलं. तो शीळ घातल्यावर पाणी पिणारा घोडा. कोणी सांगितलं होतं बरं?"

असेल कोणीतरी, बाई. लोक काय, काहीही सांगतात. वाक्य जिभेवर तयार होतं. इतक्या वर्षांच्या सवयीची जीभ.

"मी," मामा म्हणाले. "खोटं सांगितलं होतं."

"का हो?"

कचेरीत न देता आलेलं उत्तर आता दहा-बारा अनोळखी माणसांपुढे द्यायचं होतं. आक्का मागे स्टुलावर होती, तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"माझी आई इथे धुणं धुवायची. मला लाज वाटायची तिची."

बाईने पुस्तिका मिटली. कोणीतरी खाकरलं. एक जण कड्याकडे उगाच बारकाईने बघायला लागला. हात लोंबकळत ठेवून ते नाल्याच्या काठाशी उभे राहिले. या प्रश्नाला हेच उत्तर आता दर आठवड्याला, दर घोळक्यापुढे द्यावं लागणार हे त्यांच्या ध्यानात येत होतं.

"पुढे सांग," मागून आक्का म्हणाली. "चादरींना खळ कशी द्यायचो ते सांगायचं राहिलं."

मामांनी आठवून बघितलं. ते काम कुठे चालायचं, कशात चालायचं, त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "आक्का, तू सांग."

आक्काने काठी टेकली. मामांनी पुढे होऊन हात दिला. तो धरून ती उठली, आणि लोक बाजूला झाले.